‘द आयरिशमन’: मास्टरपीस की साडेतीन तासांचा कंटाळा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पिक्चरवरून अजून भांडणं होतात. एका बाजूला ‘असा पिक्चर परत होणे नाही’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘तासाभरात झोप लागली’ म्हणणारे, आणि बऱ्याचदा दोघं एकाच सोफ्यावर बसून बघत असतात. मी पहिल्या पार्टीतली, हे आधीच सांगते. पण दुसऱ्या पार्टीचे सगळेच मुद्दे चुकीचे आहेत असं मला वाटत नाही, काही तर पूर्ण बरोबर आहेत. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहितेय. शेवटासकट सगळं सांगितलंय, त्यामुळे बघायचा असेल तर आधी बघून या.

स्टोरी काय आहे, दोन ओळीत सांगा ना?

फ्रँक शीरन (रॉबर्ट डी नीरो) हा फिलाडेल्फियाकडचा ट्रक ड्रायव्हर, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आलेला. त्याची ओळख पेनसिल्व्हेनियातला माफिया बॉस रसेल बफलिनो (जो पेशी) याच्याशी होते, मग तो रसेलसाठी माणसं मारायला लागतो, मग रसेल त्याला ट्रकवाल्यांच्या युनियनचा सर्वेसर्वा जिमी हॉफा (अल पचिनो) याच्याकडे पाठवतो आणि फ्रँक हॉफाचा बॉडीगार्ड, दोस्त, जवळपास घरचाच माणूस होतो. पुढे रसेलकडूनच निरोप येतो की हॉफाला संपवायचंय. फ्रँक संपवतो. मग म्हातारा होतो. चार्ल्स ब्रँटच्या २००४ च्या पुस्तकावर बेतलाय, पटकथा स्टीव्हन झेलियनची, दिग्दर्शन मार्टिन स्कॉर्सेसीचं, साल २०१९.

३ तास २९ मिनिटं कशाला? कापता आला नसता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला ‘तुम्ही रील्सवाले’ म्हणून झटकून टाकणं मला अजिबात पटत नाही. कापता आला असता का, तर हो, थोडा आला असता. मधे क्यूबासाठी ट्रकमधून जाणारी हत्यारं, केनेडी, सिनेटच्या चौकश्या, युनियनमधली अंतर्गत भांडणं असा एक पट्टा येतो, तिथे अमेरिकेचा त्या काळचा इतिहास माहीत नसेल तर माणूस हरवतो, कोण कोणाच्या बाजूचा हेच कळेनासं होतं, आणि तिथली दहापंधरा मिनिटं गेली असती तर माझ्या मते काही बिघडलं नसतं.

पण लोक कापा म्हणतात ते हे नसतंच. लोक म्हणतात ती गाडीतली ट्रिप कापा, विमानाचं कापा, ते माशावरचं बोलणं कापा. आणि नेमकं तेच कापलं तर पिक्चर उरत नाही.

बघा, १९७५ साल. रसेल, फ्रँक आणि दोघांच्या बायका गाडीने डेट्रॉइटला लग्नाला निघालेत. रसेलला गाडीत सिगारेट चालत नाही म्हणून बायका सारख्या थांबायला लावतात, रस्त्यात रसेल वसुल्या करतो, सगळं अगदी निवांत. ही ट्रिप पूर्ण पिक्चरभर तुकड्यातुकड्याने येत राहते आणि आपल्याला वाटतं ठीक आहे, आठवणी सांगायला एक निमित्त आहे. मग वाटेतल्या हॉटेलात रसेल शांतपणे फ्रँकला सांगतो की निर्णय झालाय, आणि तुला यात घ्यावंच लागलं कारण नाहीतर तू हे होऊ दिलं नसतंस. तिथून पुढे पिक्चर जवळपास थांबल्यासारखा होतो. फ्रँक गाडी चालवतो. छोट्या विमानात बसतो. उतरतो. दुसरी गाडी घेतो. एका घरी जातो. तिसऱ्या गाडीत बसतो, तिच्या मागच्या सीटवर कोणीतरी मासे नेलेले असतात, सीट ओली, आणि त्यावरून बाकीच्यांची चर्चा चालू होते की कसला मासा, कुठून आणला, असा कसा न बघता आणला. मग हॉफा गाडीत बसतो. यातल्या प्रत्येक मिनिटाला फ्रँक नाही म्हणू शकत होता. एक फोन करू शकत होता. काही नाही तर चेहऱ्यावरून इशारा देऊ शकत होता. स्कॉर्सेसी त्याला मिनिटामागून मिनिटं देतो आणि फ्रँक एकही वापरत नाही. हेच जर कट टू कट पाच मिनिटांत उरकलं असतं तर आपण म्हणालो असतो की बिचाऱ्यावर दबाव होता, नाइलाज होता. इतका वेळ समोर बघितल्यावर ते म्हणता येत नाही, आणि माझ्या मते पिक्चर लांब असण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. हा सांगितलेलं ऐकणाऱ्या माणसाचा पिक्चर आहे. युद्धातला तो छोटा सीन आठवा, कैदी स्वतःच्याच कबरी खणतायत आणि फ्रँक उभा राहून बघतोय, आणि त्याला नवल एवढंच वाटतं की हे लोक खणतात कशाला. ऑर्डर आली की पाळायची हे तो तिथे शिकून आलाय आणि पुढची पन्नास वर्षं तेच करतो.

मग ज्यांना बोअर झालं त्यांना पिक्चर कळला नाही असं म्हणायचं का?

नाही, आणि असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. लोक जे बघायला बसले ते त्यांना मिळालं नाही, इतकं साधं आहे. याच दिग्दर्शकाने, याच डी नीरो आणि पेशीला घेऊन १९९० साली ‘गुडफेलाज’ दिला होता, पळणारा कॅमेरा, गाणी, पैसा, ड्रग्ज, सगळं धडाधड. तीच नावं पोस्टरवर परत दिसल्यावर माणूस तेच अपेक्षित धरणार ना. आणि इथे काय दिसतं, तर थकलेली माणसं, साधी घरं, साधे कोट, ब्रेड वाइनमध्ये बुडवून खाणारे दोन म्हातारे. एखादा गँगस्टर पहिल्यांदा पडद्यावर आला की चित्र थांबतं आणि खाली तो पुढे कसा मेला हे लिहून येतं, कोणाला १९८० मध्ये स्वतःच्याच घराबाहेर गाडीत गोळी घातली, कोणाच्या ओसरीखाली खिळ्यांचा बॉम्ब फुटला. म्हणजे त्याचा रुबाब बघून भारावून जायच्या आधीच त्याचं प्रेत दाखवून टाकतो. ज्याला गँगस्टर पिक्चरमधला तो रुबाबच आवडतो त्याला हे रुचणार नाही, आणि त्याचा तो हक्क आहे.

तुकड्या तुकड्यात बघितला तर चालेल का?

चालेल. पिक्चर आला तेव्हा कोणीतरी त्याचे चार एपिसोड पाडून, मिनिटांसकट चार्ट करून सोशल मीडियावर टाकला होता आणि त्यावरून केवढी तरी तुंबळ झाली. स्कॉर्सेसीने तर हात जोडल्यासारखं सांगितलं होतं की निदान फोनवर बघू नका. आपल्याकडे थिएटरवाले इंग्रजी पिक्चरलासुद्धा मधेच कुठेतरी इंटरव्हल पाडतात, त्यामुळे एकदा उठलं म्हणजे पाप केलं असं काही मी मानत नाही. हॉफा जेलमध्ये जातो तिथे साधारण मध्यावर थांबायला बरी जागा आहे. फक्त एक विनंती, हॉटेलातल्या त्या बोलण्यापासून शेवटपर्यंत मधे उठू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

नेटफ्लिक्सवर तर करोडो लोकांनी बघितला म्हणे. मग लोकांना आवडला नाही कसं म्हणता?

नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ मध्ये आकडा दिला होता, पहिल्या सात दिवसांत २ कोटी ६४ लाख अकाउंट्स. पण त्यात मेख आहे. किमान ७० टक्के पिक्चर बघितला की तो ‘बघितला’ धरला होता. २०९ चे ७० टक्के म्हणजे साधारण १४६ मिनिटं. म्हणजे १४६ मिनिटांना बंद करून झोपलेला माणूसही त्या आकड्यात आहे आणि शेवटचा तासभर, जो माझ्या मते पिक्चरचा प्राण आहे, तो त्याने बघितलेलाच नाही. त्यामुळे या आकड्यावरून आवडला की नाही काहीच सिद्ध होत नाही. ‘इतक्या लोकांनी बघितला’ म्हणणारे आणि ‘बघितला पण काही खास नाही’ म्हणणारे, दोघांनाही मी आधी विचारते की शेवटपर्यंत का?

जिमी हॉफा कोण? आम्हाला नावसुद्धा माहीत नव्हतं.

टीमस्टर्स म्हणजे अमेरिकेतली ट्रक ड्रायव्हर आणि मालवाहतूक कामगारांची अवाढव्य युनियन, हॉफा १९५७ ते १९७१ तिचा अध्यक्ष. १९६४ मध्ये त्याने जवळपास देशभरातल्या ट्रक ड्रायव्हरांना एका करारात आणलं, म्हणजे याने हात वर केला तर देशातला माल जागेवर थांबेल अशी ताकद. ज्यांनी घरात १९८२ च्या गिरणी संपाच्या गोष्टी ऐकल्यात त्यांना युनियन लीडरवर कामगार किती जीव टाकतात हे वेगळं सांगायला नको. पण याच युनियनच्या पेन्शन फंडातून लास व्हेगासच्या कॅसिनोंना कर्जं जात होती आणि त्यात माफिया गुंतलेला होता. १९६७ मध्ये हॉफा जेलमध्ये गेला, १९७१ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनने शिक्षा कमी करून त्याला सोडलं, पण १९८० पर्यंत युनियनच्या कामात पडायचं नाही या अटीवर. तोवर त्याच्या खुर्चीवर बसलेला फिट्झसिमन्स माफियाला जास्त सोयीचा वाटायला लागला होता. हॉफाला खुर्ची परत हवी होती आणि तो गप्प बसायला तयार नव्हता. ३० जुलै १९७५ ला डेट्रॉइटजवळच्या एका रेस्टॉरंटच्या पार्किंगमधून तो गायब झाला तो कायमचा. १९८२ मध्ये कायद्याने मृत घोषित केलं. बॉडी आजवर सापडली नाही, २०२१-२२ मध्येसुद्धा एफबीआय न्यू जर्सीत एका जुन्या कचऱ्याच्या डेपोजवळ शोधत होती आणि हाती काही लागलं नाही.

मग हॉफाला फ्रँकनेच मारलं हे खरं आहे का?

फ्रँक शीरन म्हणाला म्हणून. तो २००३ च्या डिसेंबरमध्ये गेला आणि त्याचा कबुलीजबाब पुस्तकात २००४ मध्ये आला. ज्या पत्रकारांनी, अभ्यासकांनी हे प्रकरण वर्षानुवर्षं खणलंय त्यातल्या बऱ्याच जणांना हे पटत नाही. पिक्चर यायच्या थोडंच आधी बिल टोनेली या पत्रकाराने फ्रँकचे दावे खोडून काढणारा मोठा लेख लिहिला होता. डेट्रॉइटच्या ज्या घरात खून झाला असं फ्रँक सांगतो तिथल्या फरशीवर रक्ताचे डाग सापडले होते, पण ते हॉफाचं रक्त नाही असं २००५ मध्ये तपासणीत निघालं. पिक्चरमध्ये गाडी चालवणारा चकी आहे ना, हॉफाचा मानलेला मुलगा, त्याचा सावत्र मुलगा जॅक गोल्डस्मिथ हार्वर्डमध्ये कायद्याचा प्रोफेसर आहे आणि त्याने तर पुस्तकच लिहिलं की चकीचा यात काही हात नव्हता. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिटिल इटलीत जो गॅलो या गँगस्टरचा खून झाला, तोही फ्रँक स्वतःच्या नावावर घेतो, त्यावरही असाच वाद आहे.

आता यावरून पिक्चर बाद होतो का? मला नाही वाटत, पण तक्रार योग्य आहे. निवेदक फ्रँक आहे, व्हीलचेअरवर बसून एकटाच सांगतोय, त्याचं खरं की खोटं सांगणारा कोणी जिवंत नाही. पिक्चरने त्याच्यावर जरासा तरी संशय घ्यायला हवा होता, तो घेत नाही. खरी माणसं, खरी नावं, खऱ्या तारखा वापरल्यावर एखाद्या जिवंत माणसाच्या घरच्यांना काय वाटत असेल हा प्रश्न राहतोच. मी हा पिक्चर इतिहास म्हणून कोणाला बघायला सांगत नाही. एक माणूस आपल्याच मित्राला मारतो आणि मग तीस वर्षं त्याच्याबरोबर जगतो, ही गोष्ट म्हणून सांगते. इतिहास हवा असेल तर वेगळं वाचावं लागेल.

डी नीरोचा चेहरा विचित्र दिसतो. ते तरुण करायचं तंत्र फसलंय ना?

चेहरा नाही फसला. शरीर फसलंय.

काम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्सवाल्या कंपनीने केलं, पाब्लो हेल्मनच्या टीमने. नटांच्या चेहऱ्यावर ते ठिपके लावायचे नाहीत, हेल्मेट घालायचं नाही, सेटवर नेहमीसारखा अभिनय करू द्यायचा अशी अट होती, म्हणून मेन कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन इन्फ्रारेड कॅमेरे लावून चेहऱ्याची माहिती गोळा केली आणि नंतर कॉम्प्युटरवर वय उतरवलं. सुरुवातीला ते निळे डोळे खटकतात हे खरं, पण वीसएक मिनिटांत माझी तरी नजर सरावते. शरीराचं मात्र तसं होत नाही. शूटिंगच्या वेळी डी नीरो चौऱ्याहत्तरच्या आसपास होता. चेहरा चाळिशीचा आणि खांदे, पाठ, चाल सत्तरीची. सेटवर उठाबशी आणि चालीकडे लक्ष ठेवायला खास माणूस होता तरीसुद्धा.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे नेमकं चुकीच्या सीनला होतं. किराणा दुकानदाराने फ्रँकच्या मुलीला, छोट्या पेगीला ढकललं म्हणून फ्रँक तिला हाताला धरून तिथे घेऊन जातो आणि तिच्यासमोर त्या माणसाला फुटपाथवर आपटतो, लाथा घालतो, हात चिरडतो. तो सीन काय आहे, तर आपला बाप किती ताकदवान आणि किती भयंकर आहे हे एका लहान मुलीला पहिल्यांदा दिसतं. तिथे आपल्याला दिसतो एक म्हातारा माणूस जपून लाथ उचलताना. फॅन लोक म्हणतात की अहो ही म्हाताऱ्याची आठवण आहे, तो स्वतःला असाच आठवणार. विचार छान आहे, बाकी पिक्चरला लागूही पडतो, पण या सीनला नाही, कारण इथे आपण पेगीच्या नजरेने बघायला हवं. इथे तरुण नट घ्यायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

पेगीला डायलॉगच नाहीत. ॲना पॅक्विनसारखी ऑस्करवाली नटी घेऊन तिला गप्प बसवलं, हे बरोबर आहे का?

यावर लोक तावातावाने भांडतात आणि मला दोन्ही बाजू कळतात. मोठी झालेली पेगी पूर्ण पिक्चरमध्ये मोजून सहासात शब्द बोलते. गँगस्टर पिक्चरमध्ये बायकांना कोपऱ्यात बसवायची जुनीच सवय आहे आणि हा पिक्चर त्यातून सुटलाय असं मी म्हणणार नाही. फ्रँकची पहिली बायको मेरी कधी जाते आणि आयरीन कधी येते हे एका वाक्यात उरकलंय. रसेलची बायको, हॉफाची बायको, सगळ्या नवऱ्याच्या बाजूला बसलेल्या.

पण पेगीचं तसं नाहीये. ती सगळं बघते. लहानपणी बाप रात्री बाहेर जाताना बघते, पेपरातली खुनाची बातमी बघते. रसेल तिला पैसे देतो, भेटवस्तू आणतो, लाडीगोडी लावतो, तरी ती त्याच्याजवळ जात नाही, तिला आतून कळतं हा कोण आहे. हॉफाशी मात्र तिचं मस्त जमतं, त्याच्याबरोबर आइस्क्रीम खाते, शाळेत त्याच्यावर लिहिते. फ्रँकच्या सत्काराच्या रात्री हॉफाबरोबर नाचते आणि नाचता नाचता रसेल आणि फ्रँककडे बघत असते. मग हॉफा गायब झाल्याची बातमी टीव्हीवर, सगळं घर बसलंय, फ्रँक म्हणतो ‘जो’ला, म्हणजे हॉफाच्या बायकोला, फोन करायला हवा, आणि पेगी विचारते, का? अजून का नाही केलास? बस. त्या दिवसापासून ती बापाशी बोलत नाही. इतका वेळ गप्प राहिलेलं माणूस बोलतं तेव्हा काय होतं ते त्या सीनला डी नीरोच्या तोंडाकडे बघितलं की कळतं. पिक्चरमध्ये पोलीस, कोर्ट, एफबीआय सगळे आहेत पण फ्रँकला खरी शिक्षा एकटी पेगी देते, आणि तीही न बोलण्याची. तो म्हातारपणी काठ्या टेकत तिच्या बँकेत जातो आणि ती खिडकी बंद करून निघून जाते. तिला मोठं भाषण दिलं असतं तर फ्रँकला उत्तर द्यायची संधी मिळाली असती. ती संधी ती देत नाही.

जाता जाता, दुसऱ्या मुलीचा डोलोरेसचा एक छोटा सीन आहे, ती बापाला सांगते की आम्ही आमच्या अडचणी घेऊन तुमच्याकडे येऊच शकायचो नाही, कारण तुम्ही काय कराल याची भीती वाटायची. त्याला वाटत असतं मी तुम्हाला जपत होतो. या सीनवर कोणी फार बोलत नाही, बोलायला हवं.

मारामारी, शूटआउट काहीच नाही. गँगस्टर पिक्चर असा असतो का?

खून भरपूर आहेत, पण बघायला मजा येईल असे नाहीत. १९५७ चा माफिया बॉस अल्बर्ट अनास्तासियाचा न्हाव्याच्या दुकानातला खून घ्या, कॅमेरा मारेकऱ्यांना सोडून पुढे जातो आणि फुलांच्या दुकानावर थांबतो, गोळ्या फक्त ऐकू येतात. हॉफाचा खून तर काही सेकंदांचा आहे, गाणं नाही, म्युझिक नाही, मागून गोळ्या, पिस्तूल खाली टाकलं, दार लावलं, निघाला. तीन तास ज्याची वाट बघितली ते असं संपतं म्हणून लोक चिडतात. मला तोच भाग सगळ्यात भयंकर वाटतो कारण त्यात फ्रँकला घाम फुटत नाही, हात थरथरत नाही, एखादं काम उरकावं तसा उरकतो. घाम नंतर फुटतो, हॉफाच्या बायकोला, ‘जो’ला, फोन करताना. त्या फोनवर डी नीरो नुसता अडखळतो, एक वाक्य धड पूर्ण होत नाही, आणि तो अभिनय त्याच्या सगळ्या करिअरमधल्या उत्तम कामांत मोडतो असं मी कुठेही छातीठोक सांगेन.

पचिनो ओव्हरॲक्टिंग करतो आणि पेशी काहीच करत नाही, असं वाटलं. बरोबर का?

पचिनोचा हॉफा आरडाओरडा करतो कारण हॉफा तसाच होता, स्टेजवर भाषणं ठोकणारा, वेळेवर न येणाऱ्यावर उखडणारा. न्यू जर्सीचा टोनी प्रो, हॉफाशी वैर असलेला, मीटिंगला उशिरा आणि वर हाफ चड्डी घालून येतो तो सीन परत बघा, दोघं मोठी माणसं किती मिनिटं थांबायचं असतं यावरून हातघाईवर येतात, आणि त्यातच हॉफाचा शेवट लिहिलेला आहे, कारण याला माघार घेताच येत नाही. पेशीबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. हा माणूस जवळजवळ रिटायर झाला होता, परत यायला तयार नव्हता. आयुष्यभर भडक डोक्याचे, केव्हा भडकेल सांगता येणार नाही असे गुंड करून गाजलेला नट इथे एकदाही आवाज चढवत नाही. नुसतं हळू आवाजात सांगतो आणि लोक मरतात. न्यूयॉर्क फिल्म क्रिटिक्स सर्कलने सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार त्यालाच दिला.

इतका भारी होता तर ऑस्कर एकही का नाही?

१० नॉमिनेशन, शून्य ऑस्कर, हे खरं. पचिनो आणि पेशी दोघंही सहाय्यकमध्ये होते, डी नीरोला तर अभिनयाचं नॉमिनेशनसुद्धा मिळालं नाही, ते मला आजही खुपतं. त्या वर्षी कोरियन ‘पॅरासाइट’ आला होता आणि त्याने सर्वोत्कृष्ट चित्रपट नेला, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. बाँग जून-होने दिग्दर्शनाचं ऑस्कर घेताना स्टेजवरून स्कॉर्सेसीचे आभार मानले आणि सगळं सभागृह उभं राहिलं. नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू आणि न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी २०१९ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट यालाच निवडला होता. नेटफ्लिक्सचा पिक्चर म्हणून हॉलिवूडमध्ये नाराजी होती का, असेल, अमेरिकेतल्या मोठ्या थिएटर साखळ्यांनी तो लावलाही नव्हता कारण १ नोव्हेंबरला थिएटर आणि २७ नोव्हेंबरला घरी, हे अंतर त्यांना फारच कमी वाटलं. आणि त्याच ऑक्टोबरात स्कॉर्सेसी मार्व्हलच्या पिक्चरांना सिनेमा मानत नाही असं बोलला होता, त्यामुळे कितीतरी लोक आधीच डोक्यात राग घेऊन बघायला बसले होते.

खून झाल्यावर पिक्चर संपायला हवा होता. ते नर्सिंग होमचं कशाला?

कारण खरा पिक्चर तिथे सुरू होतो. जेलमध्ये रसेल आणि फ्रँक, दात गेलेत, वाइनच्या जागी द्राक्षाचा रस, ब्रेड तोच. मग एकेक करून सगळे जातात. फ्रँक स्वतःची शवपेटी निवडायला जातो. एफबीआयवाले येऊन सांगतात की आता कोणीच उरलं नाही, तुझा वकीलसुद्धा गेला, आता तरी सांग, हॉफाच्या मुलांना कळू दे. तो सांगत नाही. कोणाला वाचवायचं उरलेलं नसताना तो गप्प राहतो, म्हणजे ऐकायची सवय अशी हाडात गेलीय की ऑर्डर देणारा मेला तरी ऑर्डर चालूच. नर्स फोटोतल्या हॉफाला ओळखत नाही, ज्याच्यासाठी एवढं सगळं झालं त्याचं नावही पुढच्या पिढीला माहीत नाही. पाद्री विचारतो पश्चात्ताप वाटतो का, तर फ्रँकला धड वाटतही नाही, फक्त तो फोन आठवतो, की असा फोन माणूस करूच कसा शकतो. शेवटी पाद्रीला जाताना दार थोडं उघडं ठेवायला सांगतो. हॉफाबरोबर हॉटेलात राहायचा तेव्हा हॉफा आपल्या खोलीचं दार असंच ठेवायचा, ते लक्षात आलं तर शेवट कळतो, नाही आलं तर ‘हे काय, असाच संपला?’ वाटतं. हा अर्धा तास ज्यांना नकोसा होतो त्यांच्याशी माझं जमत नाही. पण तिथपर्यंत न पोचलेल्यांशी माझं भांडण नाही.

आवडला नव्हता. परत बघावा का?

अर्ध्यात सोडला असेल तर हो, एकदा शेवटपर्यंत बघा. पूर्ण बघून नाही आवडला तर नका बघू, आयुष्यात बघायला बाकी पिक्चर पडलेत. आवडलेल्यांनी दुसऱ्या वेळी मात्र हॉफाचा नाद सोडून फक्त पेगी कुठे कुठे उभी आहे ते बघत जावं.

मुलांबरोबर बघता येईल का? सबटायटल लावायची का?

लहान मुलांबरोबर नको, शिव्या आहेत, डोक्यात गोळ्या घातलेल्या दिसतात. पंधरासोळाच्या पुढची असतील आणि धीर असेल तर चालेल. सबटायटल नक्की लावा, पेशी फार हळू बोलतो आणि फोनवर, गाडीत अर्धी बोलणी सूचक असतात. नावांचा गोंधळ होणार हे गृहीत धरा, कारण टोनी नावाचीच बरीच मंडळी आहेत. टोनी प्रो न्यू जर्सीचा, हॉफाशी भांडणारा तो. टोनी जॅक डेट्रॉइटचा. फॅट टोनी सालेर्नो न्यूयॉर्कचा. ही तीन नावं आधी पाठ करून बसलात तर मधला तास बराच सोपा जातो.